पाचवा धागा

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही. वेळा पुष्कळ आल्या, मीच बाजूला झालो. बायकोच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून आम्ही सगळ्या संसाराबद्दल बोललो, भांडणांबद्दलसुद्धा बोललो, पण एवढं एक वगळून. मुलं मोठी झाली, दूर गेली, फोनवर विचारतात, बाबा, काय करताय? कलमांना पाणी घालतोय म्हणतो.

गेल्या महिन्यात रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मला बोलावलं होतं. ओळख करून देताना तिथल्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, की न्यूट्रॉनने काढलेलं चित्र किती बारीक दाखवतं हे मोजणारी धाग्यांची चौकट यांनी बनवली. टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला.

ती चौकट मी बनवलेली नाही. आणि ज्याने बनवली त्याच्याशी मी जे वागलो, ते या टाळ्या घेण्यापेक्षा फार वाईट आहे. घरी आलो, शाल कपाटात ठेवली आणि हे कागद काढले. तरी लिहायला आणखी तीन आठवडे गेले. का गेले, असं विचाराल तर — सवय. चाळीस वर्षांच्या आसपासची सवय आहे.

आधी कामाचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर माझी चूक तुम्हाला छोटी वाटेल. ती छोटी नव्हती. आणि खरं सांगू? ते काम इतकं सुंदर होतं की त्याच्याबद्दल सांगायची संधी मला सोडवत नाही.

क्ष-किरण तुम्हाला माहीत आहेत. मांसातून जातात, हाडाला अडतात, शिशापुढे तर थांबतातच. न्यूट्रॉनचं सगळं उलटं. तो शिशातून आरामात जातो आणि पाण्याच्या थेंबाला अडतो. तेल, रबर, प्लॅस्टिक, ठासलेली दारू, ज्यात म्हणून हायड्रोजन आहे, त्याच्यापुढे तो अडखळतो. शिशाच्या डबीत अबोलीचं फूल ठेवलंत, तर क्ष-किरणांना डबी दिसेल आणि न्यूट्रॉनला फूल. पाकळ्यांसकट. मी पहिल्यांदा तसं चित्र पाहिलं तेव्हा एकेक पाकळी मोजून पाहिली होती. वस्तू न फोडता, न कापता तिच्या पोटातलं पाहायचं, हे आमचं काम. मी ज्या प्रयोगशाळेत होतो तिचं नाव लिहीत नाही. दोष तिचा नाही, माझा आहे.

अणुभट्टीच्या भिंतीतून एक लांब नळी बाहेर येई आणि तिच्यातून न्यूट्रॉन येत. समोर कॅसेट उभी असे. कॅसेट म्हणजे चपटा डबा, आत फिल्म, आणि फिल्मला बिलगून गॅडोलिनियम नावाच्या धातूचा कागदासारखा पातळ पत्रा. वस्तू कॅसेटला टेकवून ठेवायची, झडप उघडायची, नंतर फिल्म धुवायची. चित्र मिळतं. चित्र मिळणं सोपं आहे हो. त्या चित्रात जे दिसत नाही, ते वस्तूतच नाही की चित्रालाच दाखवता येत नाही — हे कसं कळणार? सगळी विद्या त्या एका प्रश्नात आहे.

माझ्या अंगणात माड आहे. सकाळी त्याची सावली पाहिली की बुंध्याची कड सुरीने कापल्यासारखी असते, आणि शेंड्याच्या झावळ्यांची सावली विसविशीत, पात्यात पातं मिसळलेलं. सूर्य ठिपका नाही, ताटली आहे, म्हणून असं होतं. झावळी जमिनीपासून जेवढी लांब, तेवढी तिची सावली पसरणार. आमच्या नळीचं तोंड फिल्मच्या जागेवरून जेवढं दिसे, जवळजवळ तेवढाच सूर्य आपल्याला जमिनीवरून दिसतो. शंभराला एक, असा साधारण हिशेब. वस्तू फिल्मपासून दोन बोटं लांब गेली तर तिची कड मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पसरते. एवढंसं तर आहे, असं म्हणाल. पण आम्ही ज्या भेगा शोधत असू, त्या त्याहून बारीक असत.

आता माणूस सांगतो.

दामोदर पालशेतकर. दाभोळचे, खाडीच्या तोंडाशी घर, घरात पिढ्यान्पिढ्या मासेमारी. आमच्याकडे ते तंत्रज्ञ होते. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, काळे, सडपातळ, चष्मा कायम नाकाच्या टोकावर. मी हातखंब्याच्या आतल्या गावचा, कुळवाड्याचा पोरगा, शिकून साहेब झालेला. एकाच जिल्ह्याचे म्हणून आमचं जमे. म्हणजे ते मला चिडवत आणि मी चिडवून घेई. "तुमी डोंगरातली माणसा सायब, तुमाला पाणी दिसला की आंघोळ आठवते. आमाला मासा आठवतो." पहिल्याच आठवड्यात त्यांनी हे ऐकवलं होतं, चार लोकांसमोर.

त्यांचे हात मी कधी विसरणार नाही. अंधाऱ्या खोलीत फिल्म कॅसेटमध्ये बसवताना ते डोळे मिटून घेत. मी विचारलं, अंधारच आहे, मिटायचे कशाला? तर म्हणाले, उघडे ठेवले की डोळा उगाच शोधत बसतो, हाताला काम करू देत नाही. त्यांनी बसवलेल्या फिल्मवर कधी सुरकुतीची खूण आली नाही, कधी धुळीचा ठिपका आला नाही. आमच्याकडे परदेशात शिकून आलेले लोक होते. त्यांच्या फिल्मवर येत. माझ्याही फिल्मवर येत.

आणि ओठ. हे मी स्वतः पाहिलंय म्हणून सांगतो. नायलॉनचा धागा ते खालच्या ओठावरून हळूच ओढत आणि त्याची जाडी सांगत. एकदा मी पैज लावली, सात धागे आणले, सूक्ष्ममापक घेऊन बसलो. सातच्या सात बरोबर. मी मापकाचा आकडा वाचायच्या आत ते मोकळे. "आजीनं शिकवलान. बोटाला कातडा जाड, ओठाला पातळ. धागा कुठं झिजलाय ता ओठाला पयला कळतो."

त्या ओठातूनच चौकट आली.

चित्राची स्पष्टता मोजायला आमच्याकडे परदेशी ठोकळा होता. त्याच्यात बारीक भोकं, बारीक फटी. चित्रात त्या किती दिसतात यावरून अंदाज करायचा. ठोकळा चांगला होता. आम्ही तो सपाट कॅसेटला टेकवून ठेवत असू, कारण ठेवायला तीच सोयीची जागा. पालशेतकरांनी काही दिवस हे पाहिलं आणि एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "सायब, ठोकळा बसतो कॅसेटला चिकटून आन् वस्तूचा पोट ऱ्हातो लांब. ठोकळा बोलणार, मला सगळा दिसतंय. त्येला दिसणारच. पण वस्तूला इचारा की."

कळलं ना? ठोकळा बुंध्याजवळ आणि वस्तू झावळीवर. आम्ही बुंध्याची सावली पाहून झावळ्यांना प्रमाणपत्र देत होतो. पाच पदवीधर होतो आम्ही त्या खोलीत. एकालाही हे खटकलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी त्यांनी ॲल्युमिनियमची वीतभर चौकट आणली. तिच्यावर नायलॉनचे सहा धागे ताणलेले, जाड ते बारीक, आणि मागे शिशाचा पातळ पत्रा. नायलॉनमध्ये हायड्रोजन भरपूर, म्हणून न्यूट्रॉनला तो शिशाआडूनही दिसतो. काळ्या फिल्मवर पांढुरक्या रेघा उमटतात. पाचवा धागा त्यांनी मुद्दाम आम्ही शोधत असू त्या भेगांएवढा निवडला होता. नियम साधा. चौकट ठेवायची ती वस्तूच्या शेजारी, फिल्मपासून वस्तूच्याच अंतरावर. पाचवा धागा दिसला तर चित्रावर विश्वास ठेवा. नाही दिसला तर तोंड बंद ठेवा, चित्र पुन्हा काढा.

"मोठ्या आसाचा जाळा टाकायचा," ते म्हणाले — आस म्हणजे जाळ्याचं भोक — "आन् रिकामा आला की बोलायचा, दर्यात बारीक जवळा नाय. तुमचा आसाच चाल्लाय सायब."

मी हसलो होतो. मला त्यांचा अभिमान वाटला होता. तो खरा होता, एवढं माझ्यावर विश्वास ठेवून ऐका. आणि तरीही पुढचं मी केलं.

त्या वर्षी एका ठिकाणाहून आमच्याकडे धातूच्या छोट्या नळ्या तपासायला आल्या. आत दारू ठासलेली. हवाई छत्रीची दोरी ठरल्या क्षणी कापणारी जी कळ असते, तिच्यातल्या या नळ्या. दारूत आडवी भेग असेल तर आग मध्येच थांबते आणि दोरी कापली जात नाही. क्ष-किरणांना ती भेग दिसत नाही, म्हणून त्या आमच्याकडे आलेल्या.

त्याच सुमाराला आम्हाला नवी कॅसेट मिळाली होती. किती खटपटीने मिळाली होती ते सांगत नाही. पहिल्याच दिवशी एका नळीच्या कडेने तिच्यावर ओरखडा उठला आणि माझा जीव वरखाली झाला. मी हुकूम सोडला की नळ्या थेट कॅसेटला टेकवायच्या नाहीत. कॅसेटपुढे ॲल्युमिनियमचा ट्रे लावायचा, नळ्या त्याच्यात बसवायच्या. ट्रेच्या पायांमुळे मध्ये दोन बोटं अंतर पडे. पालशेतकर म्हणाले, सायब, अंतर पडतंय. मी म्हणालो, ठोकळा घेऊन बघू. ठोकळा मी स्वतः नेहमीसारखा कॅसेटला टेकवला. त्यांनी आपली चौकट ट्रेमध्ये, नळ्यांच्या रांगेत बसवली.

फिल्म धुऊन, वाळवून आली तेव्हा दुपार होती. आम्ही दोघंच प्रकाशपेटीपाशी उभे. ठोकळा लख्ख. फटी, भोकं सगळी मोजून घ्यावीत अशी. पालशेतकर भिंग घेऊन चौकटीवर वाकले. बराच वेळ. मग म्हणाले, "चार."

मला चित्र पुन्हा काढायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून अणुभट्टी दुरुस्तीसाठी बंद होणार होती, काही आठवडे. नळ्यांचा अहवाल त्या आठवड्यात द्यायचा शब्द मी दिला होता. आणि सगळ्यात मोठं — ट्रे माझा होता. चार म्हणजे माझा ट्रे चूक. ही कारणं आहेत. मी ती कारणं म्हणूनच सांगतोय, याहून जास्त काही म्हणून नाही.

मी भिंग घेतलं. वाकलो. चार रेघा होत्या. पाचव्या जागी काही नव्हतं. काळं, सपाट, करडी झाकसुद्धा नाही. मी भिंग इकडेतिकडे हलवलं, दिसतंय का हे पाहायला नाही, पाहतोय असं दिसावं म्हणून.

आणि म्हणालो, "दिसतोय की पाचवा. अंधूक आहे, पण आहे. तुमचा चष्मा बदलायला झालाय, पालशेतकर."

हे ते वाक्य. हेच सांगायला इतकी पानं लागली.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा वाकले. पुन्हा पाहिलं. मी शेजारी उभा होतो. वाटलं, आता म्हणतील, कुठे आहे ते दाखवा. म्हणाले असते तर मी काय केलं असतं? माहीत नाही. पण ते सरळ झाले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमाला दिसला म्हणजे आसंल सायब. मला मेला नाय गावत."

तुमाला दिसला म्हणजे आसंल. ज्या माणसाचा ओठ सूक्ष्ममापकाला हरवतो, तो माझ्या शब्दावर स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवायला तयार झाला. मी साहेब होतो म्हणून? की मी खोटं बोलीन हे त्यांच्या मनात येऊच शकत नव्हतं म्हणून? दुसरं कारणच खरं असावं, असं मला वाटतं. आणि तेच सोसत नाही.

संध्याकाळी मी फिल्म कापली. पाठवायच्या पाकिटाच्या मापाची फिल्म कापून घ्यायची आमची रीतच होती. मी फक्त चौकटीच्या बाजूने कापली. चार रेघांची ती पट्टी माझ्याकडे राहिली. अजून आहे. उजेडाला धरली की मोजता येते. मी दर वेळी मोजतो, जणू कधी तरी पाच होतील.

नळ्यांचा अहवाल गेला — सर्व ठीक. महिनाभरात निरोप आला. त्यांनी चाचणीसाठी उडवून पाहिलेल्या नळ्यांपैकी एक मध्येच विझली होती. कुणाला इजा झाली नाही. कापून पाहिली तर दारूत आडवी भेग निघाली. केसाएवढी.

चौकशीला तीन माणसं बसली. फिल्म पाहून त्यांच्या लक्षात आलं की ठोकळा लख्ख आहे, पण नळ्यांच्या कडा फुगलेल्या आहेत. म्हणजे अंतर होतं. अंतर कशाने पडलं? ट्रेने. ट्रे कुणी लावला? मला विचारलं. मी म्हणालो, मांडणी पालशेतकर करतात. यातला एकही शब्द खोटा नव्हता. मग त्यांना आत बोलावलं. त्यांना विचारलं, ट्रे तुम्ही लावलात? ते म्हणाले, हो. मग ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आपण नावेत एखाद्याकडे बघतो ना, दोरी आता तू टाक, तसं. मी समोरच्या कागदावर काही तरी लिहू लागलो.

ते पुढे काही बोलले नाहीत. ट्रे कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यांना कुणी विचारलंही नाही. हलगर्जीपणा, असा शेरा बसला आणि त्यांची बदली भांडारात झाली. हातमोजे, दिवे, स्क्रू मोजायला. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. एवढे हात, एवढा डोळा, आणि समोर काय, तर खोकी.

पण माझा खरा अपराध हाही नाही. तो मला त्यांच्या शेवटच्या दिवशी कळला, आमच्या खोलीतल्या शेवटच्या दिवशी. ते चौकट घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "हिचा काय उपयोग नाय सायब. पाचवा धागा दिसला, तरी भेग दिसली नाय. म्हंजे फ्रेमच खोटी. मी आपला धागं ताणून बसलो."

विचार करा. त्यांचा तर्क किती स्वच्छ होता! पाचवा दिसला तर भेग दिसलीच पाहिजे. भेग दिसली नाही. म्हणून चौकट चूक. मी दिलेलं खोटं त्यांनी खरं धरलं आणि त्याच्यावरून प्रामाणिकपणे, एक एक पाऊल टाकत, ते स्वतःच्या विरुद्ध निकालापर्यंत गेले. जगात एकट्या मला माहीत होतं की चौकट खरी आहे. तिने त्या दिवशी ओरडून सांगितलं होतं, चित्रावर विश्वास ठेवू नका. तिने सांगायचं ते काम चोख केलं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं, पालशेतकर, चौकट न्या परत. मी म्हणालो, ठेवा तिथे, बघू.

दोनेक वर्षांनी फिल्म जाऊन कॅमेरे यायला लागले. चमकणारा पडदा, त्याच्यामागे आरसा, त्याच्यामागे कॅमेरा. मग प्रश्न पुन्हा तोच, हा किती बारीक दाखवतो? मी कपाटातून चौकट काढली. तिने असं काही काम केलं की बघत राहावं. पडद्याचा दोष कोणता, अंतराचा कोणता, ती वेगवेगळे करून दाखवी. लोक बघायला येत. मी अहवाल लिहिला. त्याच्यात पालशेतकरांचं नाव घातलं असतं तर कुणी तरी भांडारात जाऊन त्यांच्याशी बोललं असतं, जुनी फिल्म निघाली असती, पाचवा धागा निघाला असता. म्हणून मी नाव घातलं नाही. हळूहळू ती माझ्या नावाने ओळखली जाऊ लागली. मी कधी "हो, माझी" असं म्हणालो नाही. "माझी नाही" असंही म्हणालो नाही.

निवृत्त होऊन मी गावी आलो. दाभोळ काही लांब नाही. गुहागरकडून जायचं, धोपाव्याला फेरीबोटीत बसायचं, पलीकडे दाभोळ. तरी मला आठ वर्षं लागली. शेवटी एका सकाळी निघालो. बोटीच्या कठड्याला धरून वाक्यं जुळवत होतो. दोनदा पूर्ण म्हणून पाहिली. शेजारी मोटरसायकलवर बसलेला माणूस माझ्याकडे बघू लागला तेव्हा थांबलो.

पालशेतकर पडवीत जाळं विणत बसले होते. मला ओळखलं, धडपडत उठले, आतल्या माणसांना हाका मारल्या. "अगो, बाहेर या, माझं सायब आलं! डोंगरातनं उतरून आलं!" सुनेने कोकम सरबत दिलं. जेवल्याशिवाय सोडायचं नाही, असं ठरून गेलं. बांगड्याचं तिखलं होतं. त्यांनी स्वतः काटे काढून तुकडा माझ्या पानात ठेवला. "सायबांना काटा लागंल, त्येंना सवय नाय." सून हसली. मीही हसलो.

जेवणानंतर आम्ही दोघंच पडवीत. तीच वेळ होती. मी म्हणालो, पालशेतकर, ती चौकट —

त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. मोठ्याने हसले. "ती आजून आठवते तुमाला? टाकून दिलाव ना? काय पण खुळा मी! जाळ्याचं धागं घेऊन अणू मोजायला निघालो होतो. ह्येला सांगितला तर हसतो." 'हा' म्हणजे मुलगा, तो दारात उभा होता, खरंच हसत होता. वडिलांच्या त्या जुन्या गमतीवर त्या घरात अनेकदा हसून झालं असावं, असं दिसत होतं.

त्या क्षणी ती चौकट प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात होती. खाली पाटी होती. पाटीवर माझं नाव.

"टाकून दिलाव ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी मान हलवली. हो, अशी.

पहिलं खोटं मी घाईत बोललो होतो, भीतीने बोललो होतो, असं निदान स्वतःला सांगता येत होतं. हे दुसरं? पोटात त्यांच्या घरचं अन्न, वर पंखा, कसली घाई नाही, कुणाची भीती नाही. फक्त तोंड उघडायचं होतं. तो मुलगा दारात उभा होता. त्याचा बाप खुळा नव्हता, आम्हा सगळ्यांत शहाणा होता, हे त्याने ऐकायला हवं होतं. त्याच्यासमोरच ऐकायला हवं होतं. मी सरबताचा पेला उचलला. तो रिकामा होता.

ते मला धक्क्यापर्यंत सोडायला आले. बोट सुटेपर्यंत उभे राहिले. वाऱ्याने त्यांचा शर्ट फुगला होता.

पालशेतकर या शिमग्याच्या आधी गेले. मुलाने फोन करून कळवलं. बाराव्याला गेलो होतो. मुलगा म्हणाला, बाबा तुमचं नाव फार काढायचे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत आलो. तेव्हाही सांगितलं नाही. या कागदांची एक प्रत आता त्याला पाठवतोय, दुसरी प्रयोगशाळेला. पाटी बदलायची का, ते त्यांचं ते ठरवतील. पण ज्याला सांगायला हवं होतं तो या दोन्ही पत्त्यांवर नाही.

बोटीच्या कठड्याला धरून जुळवलेली ती वाक्यं अशी होती —

पालशेतकर, त्या दुपारी तुम्ही चार म्हणालात. चारच होते. मीही चारच पाहिले आणि तुमच्या तोंडावर खोटं बोललो. ट्रे माझा होता, चूक माझी होती, आणि तुमची चौकट खरी होती. पहिल्या दिवसापासून खरी होती. तुमचा डोळाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला क्षमा करा.